मागचं डावं चाक

कोंढ्याच्या शाळेत शिकवत असताना मी एक जुनी जीप घेतली. विकणारे माझ्याच शाळेतले गणिताचे सर. गोंदियाकडून बदलून आले तेव्हा गाडीही सोबत आणली होती. पाटीवर अजून एमएच पस्तीस, गोंदियाचाच नंबर. देताना म्हणाले, "मॅडम, हिले एबीएस हाय. ब्रेक कितीही दाबा, चाकं जाम होत नाहीत."

माझे बाबा आयुष्यभर लोकांचे ट्रॅक्टर चालवत आलेले. गाडीभोवती एक चक्कर मारून ते एवढंच बोलले, "बरी हाय."

दोन महिन्यांनी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आम्ही दोघं पवनीला निघालो होतो. शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेकवर पाय ठेवला, नीट दाबलाही नाही, तोच मागून चिरका आवाज झाला आणि गाडीचं ढुंगण उजवीकडे फेकलं गेलं. धानाच्या बांधीच्या काठाशी थांबलो तेव्हा एक चाक चिखलात होतं. आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा काही लागला नव्हता.

मला नेमका त्या दिव्याचाच संशय आला. बिघाड झाला की दिवा लागतो, हे सरांनीच सांगितलं होतं. म्हणजे विकण्याआधी त्यांनी तो मुद्दाम बंद केला असणार.

पवनीच्या मेकॅनिकने खाली न वाकताच सांगितलं, "एबीएसचं युनिट गेलं ताई. बदलावं लागते." चाक न खोलता याला कसं कळलं? त्याचाही भरवसा वाटेना. गाडी हळूहळू घरी आणली. बाबांना म्हटलं, "सरनं फसवलं आपल्याले." ते ओट्यावर जाऊन बसले.

शाळेत मी सरांशी बोलणं टाकलं. मधल्या सुटीत दोघीतिघी शिक्षिकांना सांगितलंही. ते त्यांच्या कानावर गेलंच. रविवारी सकाळी सर दारात उभे.

"मॅडम, चोर म्हणायच्या आधी गाडी तर दाखवा."

मी किल्ली दिली, पण नजर त्यांच्या हातांवरून हलू दिली नाही. त्यांनी एबीएसचा फ्यूज काढून माझ्याच हातात ठेवला. "आता एबीएस बंद. पण नुसता पाय लावूनही चाक जाम झालं, तर दोष दुसरा."

तलावाच्या पाळीजवळचा रस्ता रिकामा होता. मी बाजूला उभी राहिले. सरांनी बैलगाडीच्या चालीने जीप आणली आणि ब्रेकला नुसता पाय लावला. मागचं डावं चाक गच्च थांबलं, बाकीची फिरतच होती. डांबरावर एकच काळी रेघ.

अंगणात जॅक लावून त्यांनी चाक काढलं, चाकामागचा ब्रेकचा ड्रम ठोकून सोडवला. आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, तेलात भिजलेले. सरांनी बोटावर घेऊन हुंगलं.

"हे ब्रेकचं तेल नोहे. मागच्या एक्सलचं जाडं तेल होय, टोकाच्या रबरी सीलातून चाकात उतरलं. तेलकट लायनर ड्रमले चिकटते. एबीएस दाब सोडन, पण चिकटलेलं लायनर थोडीच सोडवन? एबीएसमंधी बिघाड नव्हता, म्हून दिवाही लागला नाही."

"मंग सील खराब होतं हे तुम्हाले मालूम नव्हतं?"

गाडी सपाट व्हावी म्हणून त्यांनी दुसरी बाजूही तेवढीच उचलली आणि एक्सलचं तेल भरायचं बूच खोललं. तेल बुचाच्या काठापर्यंतच असावं लागतं; इथे ते भळाभळा सांडलं. "एवढं कोणं भरलं?"

मी मेकॅनिकचं नाव घेणार, तेवढ्यात ओट्यावरून बाबा बोलले. "मीनंच टाकलं. ट्रॅक्टरचं उरलं होतं. गाडी एका अंगाले कलती करून टाकलं, जास्त मावावं म्हून."

"बाबा, मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"गाडी सरकली तवाच मले शंका आली. पण तू सरचंच नाव घेऊन राहिली होती. मले वाटलं, तेच खरं असन." मग खाली बघत म्हणाले, "पुन्हा गाडीले हात लावू देणार नाहीस, म्हून भेलो."

सर हात पुसत म्हणाले, "सीलही जुनंच होतं, काकाजी." हे खरं होतं, की बाबांची लाज राखायला ते बोलले, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवं सील बसलं, दोन्ही बाजूंना नवे लायनर लागले, जास्तीचं तेल काढलं. सोमवारी मी त्याच बायांसमोर सांगितलं, "चूक माझी होती." सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. दिवाळीनंतर कुठे बोलायला लागले.

बाबा बरेच दिवस मागच्या सीटवरच बसत. दिघोरीला आत्याकडे जाताना मी पुढचं दार उघडून धरलं, तेव्हा पुढे आले. पहिल्या वळणावर मी ब्रेक लावला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या चाकाकडे कान लावले होते. गाडी सरळ थांबली.