फाळक्याची उंची

अहमदपूरच्या बसस्थानकामागं भाड्याच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथं गाड्या ठरवून देणारे चाचा असायचे. कुणाला काय न्यायचंय ते ऐकून घ्यायचे आणि नुसतं "देखते की" म्हणायचे. मग उठून गाडीच्या फाळक्याची, म्हणजे मागच्या झडपेची, उंची स्वतःच्या अंगावर मोजायचे. "गुडघ्याला आली, म्हशीला चालती." "कमरेला आली, कपाट न्या." समोरच्या माणसाकडं मात्र बघायचेच नाहीत. मला राग यायचा.

पोरीला लातूरला क्लास लावला, तिकडं आम्हा दोघांसाठी खोली केली. माझी तीनचाकी स्कूटर न्यायची होती. भूकंपात पाय निकामी झाले तेव्हापासून या स्कूटरवाचून माझं पान हलत नाही. टेम्पोवाले म्हणाले, "तुम्हाला उचलून पुढं बसवू, स्कूटर चौघं मिळून मागं टाकू."

"देखते की," म्हणत चाचा माझ्या स्कूटरवर बसले. या वेळी अंगावर मोजलं नाही. दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आणि फळी लावून एकेका गाडीवर स्कूटर चढवून पाहिली. दोनदा मागं घसरले. जीपमागच्या ठेंगण्या ट्रॉलीवर मात्र पाय न टेकता चढले.

"हीच न्या, भाऊ. चढवा तुम्ही."

दोघंतिघं ढकलायला धावले, तसे ते खेकसले, "हात लावू नका! त्यांची गाडी हाय."

भूकंपापासून मला जो तो उचलतच आला होता. त्या दिवशी मी स्वतः चढलो. सगळे माझ्या पायांकडं बघत होते, चाचा चाकांकडं.