कमानीवरचा खोटा ऊस

जावातल्या एका गावात वागिनेमच्या अंगणातले ऑर्किड ‘उसाचे ऑर्किड’ म्हणून ओळखले जाई, कारण त्याचे दांडे हुबेहूब उसासारखे दिसत. वर्षानुवर्षे जोपासून तिने त्याचा घेर बैलगाडीएवढा केला होता. फुलाचा पहिला तुरा मात्र यंदाच बुंध्याशी फुटला होता.

शेजारच्या कस्दीच्या मुलीचे लग्न निघाले. लग्नाच्या कमानीला केळीचे घड आणि ऊस बांधावेच लागतात. सकाळी वागिनेम तिथे गेली आणि थबकली. कमानीच्या दोन्ही बाजूंना तिच्या ऑर्किडचे दांडे डौलात उभे होते.

“कस्दी, हे कुणी कापलं रे?”

“मीच, बू.” वडीलधाऱ्या बाईला तिथे ‘बू’ म्हणतात. “ऊस कमी पडला. तुमच्याकडे एवढा माजलाय, म्हटलं पहाटेच्या अंधारात कशाला उठवायचं तुम्हाला?”

“चावून तरी बघायचास!”

“बघितला की. गोडी नाहीच, पण जावईही तसाच आहे.”

विचारून वस्तू नेण्याची रीत हल्ली उरलेलीच नाही, पण वाद घालत बसण्याऐवजी वागिनेम तुऱ्याच्या काळजीने तडक घरी धावली आणि बुंध्याशी वाकली. कडेचे दांडे गेले होते. तुरा शाबूत होता, उलट आता त्याच्यावर ऊन पडत होते.

ती परतली, तेव्हा हा ऊस नसून तिचे ऑर्किड असल्याचे पाहुण्यांकडून कळलेला कस्दी दोरी सोडू लागला होता.

“राहू दे! बांधलेली कमान सोडतात का? लग्न झालं की दांडे परत दे. ओल्या मातीत त्यांना फुटवे येतात. तुझ्याच अंगणात लावून देते, म्हणजे पुढच्या वेळी स्वतःचे काप.”

एवढे बोलून ती नवरीच्या आईशेजारी ऐसपैस बसली.