ट्रॅक्टरचा हात

अवजड वाहनाचा परवाना पोस्टाने घरी आला, त्या दिवशी मी तो शर्टाच्या वरच्या खिशात असा ठेवला की त्यावरचा माझा फोटो निम्मा बाहेर डोकावावा. सांगवीच्या पारापाशी उभा राहून मी उगाच खिसा चाचपायचो. शेवटी एकेकाला दया यायची आणि तो विचारायचा, "काय रं, खिशात काय हाय?" मग मी सांगायचो. अर्धा तास सांगायचो.

संध्याकाळी मामांकडे गेलो. हे मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ आणि माझे मालकही. सात हंगाम मी त्यांचा ट्रॅक्टर चालवला. शेतात उसाची ट्रॉली भरायची आणि कारखान्यासमोरच्या रांगेत नेऊन उभी करायची, हे माझं काम. मामा गोठ्यात म्हशीची धार काढत होते. मी तिथेच दारात उभा राहून भाषण ठोकलं. ट्रॅक्टर म्हणजे कसा पोरखेळ, देशाचा व्यवहार कसा ट्रकवर चालतो, आणि आपण आता कसे त्या व्यवहारात उतरतोय, असं पुष्कळ. म्हैससुद्धा रवंथ थांबवून ऐकत होती.

"म्हंजे ट्रॅक्टर सोडला म्हणायचा," मामा म्हणाले.

"सोडला."

"नोकरी लागली का कुठं?"

"लागंल की. परवाना हाय."

मामांनी चरवी उचलली. "मोळी पडंपर्यंत तुझी शीट मोकळी ठिवतो. मोळी पडली की दुसरा बसवनार. मग रडत यायचं न्हाय."

कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली की आमच्याकडे हंगाम सुरू होतो. त्याला महिनाभर अवकाश होता. त्या महिन्यात ट्रक मिळाला तर भाषण खरं ठरणार होतं. नाही तर त्याच गोठ्यात, त्याच म्हशीसमोर, मान खाली घालून उभं राहायचं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, नोकरी लागल्यावर भाषण करायचं असतंय. तुमी उलटं केलं."

उलटं करणं हा माझा गुणच आहे, ते पुढे कळेल.

बारामतीत मी गाडीमालकांचे उंबरठे झिजवायला लागलो. पहिल्याने विचारलं, "अनुभव?" मी परवाना काढून दाखवला. तो म्हणाला, "परवाना माझ्या बायकोकडं पण हाय, ती स्कूटी चालवती. अनुभव?" दुसऱ्याच्या दारावर 'नवीन ड्रायव्हर पाहिजेत' अशी ठसठशीत पाटी होती. आत गेलो तर त्याला पाच वर्षं ट्रक चालवलेला माणूस हवा होता. मी पाटीकडे बोट दाखवलं. "नवीन म्हंजे आमच्याकडं नवीन," तो म्हणाला. चूक अर्थातच माझी होती. मी पाटी वाचून आत गेलो होतो.

ज्या ड्रायव्हिंग क्लासात मी ट्रक शिकलो तिथल्या ट्रकला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. महिनाभर माझी गाडी लोण्यासारखी चालायची आणि मला वाटायचं, काय हलका पाय आहे आपला! रिव्हर्स शिकवला तो मोकळ्या मैदानात, सरळ रेषेत, एकदाच. "बाकीचं कामावर गेल्यावर येतंय," गुरुजी म्हणाले. कामावर गेलो तर कामवाले म्हणायचे, "आधी शिकून ये." या दोघांच्या मधल्या जागेत मी तीन आठवडे मोटरसायकलवर फिरत होतो.

तिसऱ्या मालकाकडे मी खोटं बोललो. चार वर्षं बंगळूर लाइनला होतो म्हणालो. तो एकदम खूश झाला. त्याने चहा मागवला, शेजारच्या दोन ड्रायव्हरांनाही बोलावलं.

"मग खंबाटकीचा घाट तुमी कितव्या गेरात चढता?" त्यातल्या एकाने विचारलं.

"टॉपमध्ये," मी म्हणालो. मोठ्या माणसाने छोटं उत्तर कशाला द्यायचं?

तिघेही इतके हसले की एकाला ठसका लागला. मला चहा पुरता पिऊ दिला, हे मात्र खरं. जाताना मालक म्हणाला, "पाव्हणं, टॉपमध्येच घरी जावा."

मोळीला दहा दिवस उरले होते तेव्हा बायकोच्या माहेरून निरोप आला. इंदापुरात महामार्गाच्या कडेला एका चाचांच्या तीन गाड्या आहेत आणि त्यांना ड्रायव्हर हवाय. सगळा तालुकाच त्यांना चाचा म्हणतो. गोदामातून पशुखाद्याची पोती गावोगावच्या दुकानांत आणि दूध डेअरींत पोचवायची, हा धंदा. चाचांचा आवाज असा की त्यांच्या गाड्यांना हॉर्न कशाला बसवलाय असा प्रश्न पडावा.

निघताना बायको म्हणाली, "ह्यावेळी खरं बोला. बगा तरी कसं वाटतंय."

मी खरंच तसं ठरवून गेलो होतो. चाचा म्हणाले, "अनुभव?" आणि तोंडातून निघून गेलं, "दोन वर्षं." चारावरून दोनावर आलो होतो, तेवढीच सुधारणा.

"बरं," चाचा म्हणाले. "ती रिकामी गाडी गोदामाच्या दाराला लाव. मागून."

दार गाडीच्या मागे डाव्या हाताला होतं. उजव्या हाताला विटांच्या ओट्यावर पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी. मी रुबाबात वर चढलो, दोन्ही आरसे उगाचच हलवले, रिव्हर्स टाकला.

इथे एक सांगायला हवं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली असली आणि ती मागे नेताना डावीकडे वळवायची असली, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. ट्रॉली मधे जोडावर मोडते, म्हणून. सात वर्षं केल्यावर हे डोक्याला विचारावं लागत नाही, हात आपोआप करतात. ट्रकला मधे जोड नसतो. त्याचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडेच स्टेअरिंग फिरवायचं, सरळ हिशेब. तो सरळ हिशेब माझ्या हातांना कोणी कळवला नव्हता.

गाडी उजवीकडे सरकायला लागली. चाचा ओरडले, "डावीकडं! डावीकडं घे!" मी डावीकडे घेण्यासाठी स्टेअरिंग आणखी उजवीकडे फिरवलं. ते आणखी जोरात ओरडले. मी आणखी जोरात फिरवलं. माझं मत असं झालं की ट्रकच्या स्टेअरिंगमध्ये काहीतरी बिघाड आहे. मग 'धप्प' असा आवाज झाला आणि भर दुपारी इंदापुरात पूर आला.

टाकी आडवी झाली होती. अंगणभर पाणी. खाटेवर बसलेल्या चाचांच्या चपला माझ्या डोळ्यांदेखत रस्त्याकडे निघाल्या होत्या. मला खाली उतरायचं धाडस होईना. चाचा अनवाणी, पाण्यातून सावकाश चालत माझ्या दारापाशी आले. वाटलं, आता कानाखाली बसणार.

"ट्रॅक्टर किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"...सात."

"बारामतीकडचा ना?"

"व्हय."

"तरीच." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "दर वर्साला एक तरी येतोय तुमच्याकडनं, उसाचा हात घिऊन. गेल्या वर्षीच्यानं भिंत पाडली. तू निदान हलकी वस्तू निवडलीस."

"मग नोकरी, चाचा?"

"आधी ती चप्पल धरून आण."

एक चप्पल सापडली. दुसरी महामार्गाच्या दिशेने गेली ती गेलीच. त्या एका चपलेवर माझी नेमणूक झाली. पण कशावर? चाचांची पद्धत अशी, की उसाच्या हाताचा माणूस आधी गाडीच्या मागे उभा राहणार. त्यांच्याकडचे जुने ड्रायव्हर तात्या गाडी रिव्हर्स घेणार आणि मी मागच्या फाळक्यावर थाप मारून त्यांना सांगणार. दोन हलक्या थापा म्हणजे या मागे, एक सणसणीत थाप म्हणजे थांबा. पुढं कधी बसायचं ते चाचा सांगणार.

"किती दिवस?" मी विचारलं.

"हात सुटंपर्यंत."

म्हणजे देशाच्या व्यवहारात मी उतरलो तो असा, मागच्या बाजूने. रोज सकाळी सांगवीहून मोटरसायकलवर इंदापूरला जायचं, दिवसभर ट्रकचा पार्श्वभाग थापटायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. तात्या तर रोज खाली उतरून माझ्या तळहाताची चौकशी करायचे. "सुजला न्हाय ना? अवजड काम हाय तुमचं."

मी मामांना फोन केला. "मामा, लागलो गाडीवर."

"कसली?"

"सहा चाकी."

"चालवतोस?"

"दिवसभर गाडीसंगंच असतो, मामा."

शिवाय तात्या जेवायला गेल्यावर स्टेअरिंगवर बसून एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. बावीस जणांनी हात जोडले.

गंमत म्हणजे, चार-पाच दिवसांत मला मागून दिसायला लागलं. पुढची चाकं इकडे वळली की शेपूट कुठे जातं, ते. घरी जेवताना मी ताट दोन्ही हातांत धरून सराव करायचो. शेपूट डावीकडे, हात डावीकडे. बायको म्हणायची, "आमटी उजवीकडं चाललीय, ब्रेक लावा."

मोळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. भरलेली गाडी गोदामाच्या दाराशी मागे घेत होतो. माझी नजर चाकावर, थापा चालू, आणि मी ओरडतोय, "येऊ द्या! येऊ द्या!"

"आलोच की," मागून कोणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं तर मामा. हातात पेढ्यांचा पुडा. फोटोतल्या ड्रायव्हरचं कौतुक करायला सांगवीहून आले होते. मी घाबरून सणसणीत थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली आणि तात्या आतून म्हणाले, "आता काय पाडलं?"

मामांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्या तळहाताकडे पाहिलं. "भाचेबुवा, ह्या गाडीचं आरसं फुटल्यात काय?"

"न्हाय."

"मग तुमाला कशापायी ठिवलंय?"

चाचा एका पोत्याचं तोंड शिवत बसले होते. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शिवतच राहिले.

मामा जवळ आले आणि आवाज उतरवून बोलले. तो उतरवलेला आवाजच वाईट होता, टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. "परवा मोळी हाय. ट्रॅक्टर धुऊन ठिवलाय. शीटला नवं कव्हर घातलंय, फुलाफुलाचं. हितं पत्रा बडवन्यापरीस तितं राजावानी बसशील. चल."

खरं सांगतो, ते फुलाफुलाचं कव्हर डोळ्यांसमोर आलं आणि माझे पाय हलले. सात वर्षं मी त्याच कव्हरासाठी भांडत होतो. हो म्हटलं असतं तर कोणीही काही बोललं नसतं. चार दिवस हसले असते, पाचव्या दिवशी उसाची रांग लागली असती.

"मामा," मी म्हणालो, "फोनवर मी लबाड बोललो. मी गाडी चालवत न्हाय. पहिल्याच दिवशी ट्रॉलीवानी स्टेअरिंग फिरवलं आन् ह्यांची पाण्याची टाकी पाडली. म्हणून मागं उभा हाय. पुढं कधी बसवतील ते मला ठावं न्हाय. पर तुमी ट्रॅक्टरवर दुसरा बसवा."

"टाकी पाडली?"

"व्हय."

"केवढी?"

"हजार लिटरची."

मामा हसायला लागले. तात्या हसले. चाचांनी सुई पोत्यात खोचून ठेवली आणि तेही हसले. मामांनी पुडा सोडला, चाचांना पेढा दिला, तात्यांना दोन दिले, उरलेला पुडा परत बांधला. "ह्याला नगं," माझ्याकडे न बघता म्हणाले. "ह्यो ड्रायव्हर झाल्यावर खाईल." आणि गेले. दोन दिवसांनी मोळी पडली, तेव्हा फुलाफुलाच्या कव्हरावर शेजारच्या वस्तीवरचा एक जण बसला.

त्या दिवशी मामांची गाडी रस्त्याला लागल्यावर चाचा म्हणाले, "लेका, टाकी दोन हजारची हुती."

पुढे आणखी बारा दिवस मी फाळका थापटला. तेराव्या दिवशी सकाळी तात्यांच्या घरी लग्न होतं आणि चाचांनी किल्ली माझ्याकडे फेकली. कळस गावातल्या एका डेअरीत पोती पोचवायची होती. लांब नव्हतं. रस्ता तर मी असा चालवला की सायकलवाले मागून घंटी वाजवत पुढे गेले.

डेअरीचं फाटक अरुंद, आणि आत गाडी मागूनच घ्यायची. मागे थाप मारायला कोणी नाही. मी खाली उतरलो, मागे जाऊन पाहिलं, वर चढलो, हातभर मागे घेतली, पुन्हा उतरलो. पुन्हा पाहिलं. दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून उभी राहिली. एकाने सुचवलं की फाटकच उचलून गाडीकडे आणावं. आठव्यांदा उतरलो तेव्हा एका आजींनी विचारलं, "मुतखडा हाय का रं तुला?"

पण हात डावीकडे म्हटलं की डावीकडेच जात होते. फाटकाचे दोन्ही खांब आरशांत दिसले, मग दारांशेजारून पुढे सरकले, आणि दोन्ही उभे होते.

डेअरीचा माणूस किल्ल्या वाजवत आला. "नवीन का?"

"व्हय," मी म्हणालो. "पहिलीच खेप हाय."

"मग आनखी हातभर आत घ्या, ड्रायव्हर. फाटक लागना झालंय."