दोन गावांचं वेटिंग आणि आबांची किल्ली

किस्से जमवावे म्हणून कोणी जमवत नाही. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की तीन-चार तास कुठेतरी बसावं लागतं. समोर आवाज बंद केलेला टीव्ही असतो, शेजारी कोणीतरी अनोळखी असतं, आणि संध्याकाळी गाडीबरोबर एखादा किस्साही घरी येतो. माझ्याकडे असे दोन गावांचे साठलेत. धुळ्याचे माझे स्वतःचे, आणि जळगावचे आबांचे.

आबा म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर जळगावला घर बांधलं आणि साठाव्या वर्षी कार चालवायला शिकले. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून एकटेच राहतात आणि दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत भुसावळला त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, भेटायला जातात. अक्कांना आता घराबाहेर पडवत नाही, त्यामुळे दोघांचाही आठवडा त्या गुरुवारावर चालतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही गेल्या दिवाळीत आबांनी घराच्या गेटला गाडी घासली आणि माझ्या मनाने घेतलं, आता यांच्या हातून किल्ली काढून घ्यायची! कशी, ते मात्र सुचत नव्हतं.

"गेट पुढे आलं होतं," असं आबांचं म्हणणं.

"आबा, तुम्ही जन्मभर रुळावर गाडी चालवली. तिथे स्टिअरिंगच नसतं!"

"म्हणून तर तू एवढा मोठा झालास," आबा म्हणाले. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

*

आधी धुळ्याचं सांगतो, कारण मी तिथला. माझी तिथे छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, त्यामुळे लोकांना ताटकळत बसलेलं बघायची मला सवय आहे. आमच्या सर्व्हिस सेंटरचं वेटिंग म्हणजे काचेची भिंत, कॉफीचं मशीन, मऊ खुर्च्या आणि मोबाईलमध्ये घातलेली डोकी. माझ्या लॅबमध्ये निदान लोक एकमेकांना "उपाशीपोटी आलात का?" एवढं तरी विचारतात. इथे तेही नाही.

एकदा गाडी देऊन मी असाच बसलो होतो. तासाभराने तिथला सुपरवायझर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमच्या सीटखाली एक सीलबंद डबा होता. वर 'रक्ताचे नमुने' असं लिहिलंय."

सकाळी एका आजीबाईंच्या घरी जाऊन सॅम्पल घेतलं होतं आणि लॅबमध्ये उतरवायचंच विसरलो होतो. त्या आजींची शीर सापडायला मला अर्धा तास लागला होता. त्यांना परत सुई टोचायची म्हणजे मला त्यांच्या दारात उभं राहायचीसुद्धा लाज वाटली असती.

"गाडी उन्हात उभी होती सर. खराब होईल म्हणून मी थंड जागी ठेवलाय," तो म्हणाला.

मी त्याचे दोन्ही हात धरले. सॅम्पल वाचलं होतं, आजी वाचल्या होत्या! "कुठे ठेवलात?"

त्याने वेटिंगमधल्या पाण्याच्या बाटल्यांच्या फ्रीजकडे बोट दाखवलं.

डबा पक्का बंद होता, कोणाला काही होण्यासारखं नव्हतं. पण त्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात मी सोडून सगळे गारेगार पाणी पीत होते. मी कॉफी घेतली.

*

जळगावचं वेटिंग जुनं आहे. सोफा जुना, कूलर जुना आणि बसणारेही जुने. तिथे आबांना दोन मित्र मिळाले. एक चोपड्याचे नाना, केळीवाले शेतकरी. दुसरे जळगावचेच इस्माईलभाई, ज्यांचं आयुष्य गाड्यांची सीट कव्हरं शिवण्यात गेलं. एका सर्व्हिसिंगला तिघांची ओळख झाली, आणि तेव्हापासून तिघेही मुद्दाम एकाच तारखेला गाडी टाकतात. सकाळी नऊला येतात. गाड्या दुपारी तयार होतात, पण हे संध्याकाळी निघतात.

घरून डबे येतात. नानांचं वांग्याचं भरीत, आबांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, इस्माईलभाईंची बिर्याणी. भिंतीवर मोठी पाटी आहे, 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.' पहिल्यांदा डबे उघडले तेव्हा भरिताचा वास काउंटरपर्यंत गेला आणि कोमल उठून आली.

कोमल तिथली सर्व्हिस ॲडव्हायजर. चाळीसगावची मुलगी, दहा वर्षं हेच काम करते. तिने पाटीकडे बोट दाखवलं. नाना म्हणाले, "पोरी, तू जेवनी का?"

ती जेवली नव्हती.

"मंग पयले बस. पाटी मंग वाच!"

पुढच्या वेळी आबा गेले तेव्हा पाटी जागच्या जागीच होती. फक्त तिच्या खाली एक टेबल आलं होतं आणि त्याभोवती चार खुर्च्या.

*

नानांची एक तक्रार कायमची, गाडीतला एसी नीट चालत नाही. "कोमलताई, एसी बिघडेल शे!"

कोमलने तपासून घेतला, गॅस बघितला, फिल्टर बदलला. नाना परत हजर. तिसऱ्या वेळी तर स्वतःचा थर्मामीटर घेऊन आले आणि गाडीतले बावीस अंश दाखवले. "देख! आठे बावीस. मना पोऱ्याना चेंबरमा चौदा ऱ्हास!"

चेंबर म्हणजे कच्ची केळी पिकवायची थंड खोली. नानांच्या मुलाने नवीन बांधलीय आणि नाना दिवसभर तिच्या दारात उभे असतात. तिथून गाडीत बसलं की गाडी गरम लागणारच.

कोमलने थर्मामीटर बघितला, नानांकडे बघितलं आणि विचारलं, "नाना, तुम्हाला चोपड्याला जायचंय की पिकायचंय?"

त्यानंतर एसीची तक्रार आली नाही. उलट गाडी न्यायला आले की नाना काउंटरवर एक केळीची फणी ठेवतात. "चौदावरनी शे," असं वर सांगतात.

*

इस्माईलभाई कमी बोलतात. एकदा सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांच्या बोटाला उसवलेली शिवण लागली. त्यांनी काही म्हटलं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला मात्र डब्याबरोबर सुई, दोरा आणि रेक्झिनचे तुकडे घेऊन आले, चष्मा लावला आणि आल्या आल्या फरशीवर मांडी घातली.

मॅनेजर धावत आला. "चाचा, हे काय करताय? कस्टमर आहात तुम्ही!"

"तुम मेरी गाडी देखो," इस्माईलभाई वर न बघता म्हणाले, "मैं तुम्हारा सोफा देखता हूँ. देखें, पहले किसका होता है."

सोफा आधी झाला. जाताना त्यांनी मॅनेजरला बजावलं, "छह महीने बाद फिर दिखाना. तब तक कूदना नहीं!"

आबांनी हा किस्सा मला फोनवर सांगितला तेव्हा मी धुळ्यात त्या मऊ खुर्चीत, काचेच्या भिंतीशेजारी बसलो होतो. खरं सांगायचं तर मला त्या जुन्या सोफ्याचा हेवा वाटला. आई गेल्यावर आबा कोणाशी बोलत असतील, ही काळजी मला रात्रंदिवस असायची. ते त्या वेटिंगमध्ये मनसोक्त बोलत होते, आणि हे मला उशिरा कळलं.

*

सर्व्हिसिंगनंतर कंपनीचा फोन येतो. दहापैकी किती मार्क द्याल? आबांनाही आला.

आबा म्हणाले, "बाई, मी इंजिन चालवायचो. सिग्नल हिरवा असतो, पिवळा असतो, नाहीतर लाल असतो. दहा रंगांचा सिग्नल मी बघितला नाही."

पलीकडची मुलगी म्हणाली, "मग सर, हिरवा लिहू का?"

*

आता माझी लबाडी सांगतो.

गेटच्या प्रकरणानंतर मी कोमलला गुपचूप फोन केला. म्हटलं, "या वेळी आबा गाडी घेऊन आले की त्यांना सांगा, गाडी आता चालवण्यासारखी राहिली नाही. एवढं सांगितलंत की काम होईल. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

"गाडीत काही दोष नाहीये सर."

"माहितीय हो. पण त्यांच्या भल्यासाठी म्हणतोय मी."

"सर, तुमची लॅब आहे ना?" तिने शांतपणे विचारलं. "नातेवाइकांनी सांगितलेला रिपोर्ट तुम्ही छापून देता का?"

वीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं.

मग तीच म्हणाली, "मी त्यांच्या शेजारी बसते. भुसावळ रोडला जाऊन येऊ. मला भीती वाटली तर मीच त्यांना तोंडावर सांगेन, आणि तुमच्या नावाने नाही, माझ्या नावाने सांगेन. पण भीती नाही वाटली, तर तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं आणि शरमही वाटली.

*

ठरलेल्या दिवशी मी पहाटेच धुळ्याहून निघालो. नाना आणि इस्माईलभाई आधीच टेबलापाशी बसले होते. कोमलने आबांपासून काही लपवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, आज टेस्ट गाडीची नाही. तुमची."

मला वाटलं, आबा चिडतील. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. कोणाचा उद्योग आहे ते त्यांना कळलं होतं. मग शर्टाची बाही सारखी करून म्हणाले, "रेल्वेतही तपासणी व्हायची आमची. डोळे बघायचे, कान बघायचे, शेजारी साहेब बसायचा. चल. नापास केलंस तर किल्ली तुझ्या टेबलावर."

"आणि अक्का?" मी न राहवून विचारलं.

"अक्काला मी सांगेन," आबा म्हणाले. नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

आबा स्टिअरिंगवर, कोमल शेजारी, मी मागे. अजिंठा चौफुलीला सिग्नल दिसला आणि आबा मोठ्याने म्हणाले, "लाल!"

कोमल दचकली. "काय झालं आबा?"

"इंजिनात सिग्नल मोठ्याने म्हणायचा असतो. शेजाऱ्याने परत म्हणायचा. म्हणजे दोघांनी बघितला हे दोघांना कळतं."

कोमल सावरून बसली. "लाल!"

"हिरवा!"

"हिरवा!"

मग भुसावळ रोडला दोघांचा जप सुरू झाला. "डावीकडे सायकल!" "सायकल!" "पुढे गतिरोधक!" "गतिरोधक!" मी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसलो होतो. प्रत्येक ट्रकला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. खरं तर आबांची गाडी इतक्या सरळ रेषेत चालली होती की मला रूळच दिसायला लागले.

नशिराबादच्या अलीकडे कपाशीने भरलेला ट्रॅक्टर चुकीच्या बाजूने सरळ अंगावर आला. "आबाऽऽ!" मी किंचाळलो.

आबांनी त्याआधीच वेग कमी केला होता. गाडी हळूच डावीकडे घेतली, थांबवली, ट्रॅक्टर जाऊ दिला. "ट्रॅक्टर," ते म्हणाले.

"ट्रॅक्टर," कोमल म्हणाली.

माझ्या पायातली चप्पल गाडीच्या मॅटसकट पुढच्या सीटखाली गेली होती. ती हाताने चाचपडत असताना मला एकाएकी रडू आलं. लहानपणापासून मी या माणसाच्या भरवशावर झोपलोय, आणि गेटच्या एका ओरखड्यासाठी त्याची किल्ली मागत होतो.

परत आलो. नाना उभेच होते. आबांनी किल्ली काढून कोमलच्या टेबलावर ठेवली. निकाल अजून लागायचा होता. कोमल खाली बसली, गाडीच्या कामांच्या नोंदीचं जॉबकार्ड ओढलं आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग कार्डावर किल्ली ठेवून कार्ड आबांकडे सरकवलं.

आबांनी चष्मा लावला, वाचलं, घडी न घालता कार्ड माझ्या हातात दिलं आणि किल्ली खिशात टाकून नानांच्या डब्याकडे निघाले.

कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

'गाडी: ठीक. चालक: ठीक. मागच्या सीटवरील गृहस्थ: ब्रेक सतत दाबतात. पुढच्या वेळी वेटिंगमध्ये बसवावे.'