रुईच्या गोदामातली दुपार

आमचं उन्हाळी शिबिर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात भरायचं. चोपड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद पडतं, मशिनींवर ताडपत्र्या चढतात आणि एवढी मोठी जागा नुसती ऊन खात पडते. मालक शिबिराच्या समितीत होते, त्यांनी जागा फुकट दिली. फुकटच्या जागेला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार आहे.

फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला कार्यालय. कूलर फक्त तिथे. समोर वजनकाट्याचा लोखंडी फलाट. हंगामात त्यावर कापसाचे ट्रॅक्टर चढतात, आम्ही त्यावर रांगेत उभं राहून सकाळची प्रार्थना म्हणायचो. उशीर केला तर चटका बसायचा, कारण लोखंड आठ वाजताच तापायचं. फलाटाच्या पलीकडे निंबाचा पार. गाणी, भांडणं, वरण-बट्टीची पंगत, सगळं पारावर. धुळ्याहून आलेली मी आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली माझी मैत्रीण, आमची ओळख त्याच पारावर झाली. मी बट्टी हातानं चुरता चुरता सांडली आणि ती म्हणाली, "शहरनी शे का तू?"

उजवीकडे जिनिंगचा मोठा हॉल, तीन बाजूंनी मोकळा. मुलगे तिथे झोपायचे. वारा आरपार. हॉलच्या मागे आग विझवण्यासाठी बांधून ठेवलेला पाण्याचा मोठा हौद. आणि सगळ्यात कडेला रुईचं गोदाम. सरकी काढलेला कापूस, म्हणजे रुई, हंगामात तिथे छतापर्यंत रचतात. उन्हाळ्यात ते रिकामं असायचं, म्हणून तिथे आम्ही मुली.

गोदामाला खिडकी नव्हती. पत्र्याच्या लगत वर जाळी लावलेले झरोके, बस्स. भिंतींना, वाशांना गेल्या हंगामातली रुई चिकटलेली. ती दिवसभर हवेत तरंगायची, घामेजलेल्या मानेला चिकटायची, नाकात जायची. दार लोखंडी, दोन पाखांचं. कडी-कोयंडा बाहेरून. गोदामात माल ठेवतात, माणसं नाही, त्यामुळे आतून कडी लावायची कुणाला गरज पडलीच नव्हती.

दुपारी जेवणं झाली की मुलांना हौदात पोहायची सुट्टी. मुलगे चड्ड्यांवर पोहणार, तेव्हा मुली आवारात फिरताना दिसायला नकोत. म्हणून पोहणं सुरू झाल्यापासून चहापर्यंत आम्हाला गोदामात घालून बाहेरून कुलूप. अंघोळ त्यांची, कोंडवाडा आमचा! आमच्या शिबिरातल्या ताई कुलूप लावताना म्हणायच्या, "तुमच्याच सुरक्षिततेसाठी गं." हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर इतक्यांदा ऐकलाय की तो कानावर पडला की मी आधी दार बघते.

मे महिना होता. खान्देशातला मे काय असतो ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. एका दुपारी आत दोन माठ होते आणि जेवण खारट झालं होतं. दोन्ही माठ लवकर संपले. मैत्रीण सकाळपासून गप्प होती. डोकं दुखतंय म्हणाली, मग मळमळतंय म्हणाली, मग काहीच म्हणेना. मी तिच्या कपाळाला हात लावला. कोरडं. आम्ही सगळ्या घामानं निथळत होतो आणि तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. ती काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, म्हशीला पाणी दाखवलं का म्हणून कुणाला तरी विचारत होती. एक मुलगी रडायला लागली. दुसरी म्हणाली, "रडू नको, तेवढं पाणी जातं अंगातलं." कुणी हसलं नाही.

आम्ही दार बडवलं. हौदावर मुलांचा इतका गोंगाट की काही ऐकू जाईना. शेवटी जिनिंगचे राखणदार आबा आले. दोन पाखांच्या फटीतून त्यांचं धोतर दिसलं.

"काय व्हयनं, पोरीसहोन?"

"आबा, दार उघडा! हिला ऊन लागलंय!"

"चावी मनाजोडे नही शे. सरनाजोडे शे."

सर म्हणजे शिबिरप्रमुख. ते समारोपाच्या पाहुण्यांना बोलवायला चोपड्याला गेले होते आणि दाबून लागणाऱ्या त्या कुलपाची चावी त्यांच्या जुडग्यात त्यांच्याबरोबर गेली होती. आबा ताईंना विचारायला कार्यालयात गेले. परत आले ते निरोप घेऊन: सरांचा फोन लागत नाही, लागेल थोड्या वेळात, तोवर तिला ओल्या फडक्यानं पुसा.

"पाणी कुठंय पुसायला?" मी फटीला तोंड लावून ओरडले. "आबा, कुलूप तोडा ना!"

आबांनी कुलूप हातात धरून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मालकनी सांगेल शे, बेटा. आग लागनी तरच कुलूप तोडानं. नहीतर मनी नोकरी जाई."

त्यांनी आपला पंचा भिजवून फटीतून आत ढकलला, पाठोपाठ एक कांदा. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. पंचा मी मैत्रिणीच्या कपाळावर टाकला आणि कांदा तिच्या नाकाशी धरला. तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा मी ओरडले. "आग! आग लागली! रुई पेटली!"

बाकीच्या मुली एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग सगळ्या ओरडल्या. झरोक्यांतून, फटीतून, पाय आपटत, पत्रा बडवत. आग! आग!

जिनिंगच्या आवारात हा शब्द काय करतो ते त्या दिवशी कळलं. हौदावरचा गोंगाट कापल्यासारखा थांबला. कुणीतरी इशाऱ्यासाठी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घणाघण ठोके द्यायला लागलं. मुलगे ओल्या चड्ड्यांनिशी धावत आले, लाल बादल्या भरून, कुणी न शिकवता रांग करून. रस्त्यावरचे टपरीवाले, ट्रॅक्टरवाले आत घुसले. ज्या आवारात आमच्या हाका कुणाला ऐकू जात नव्हत्या, तिथे अख्खा रस्ता गोळा झाला. आबांनी पहार घातली आणि कोयंडा दारातून उपटून काढला.

दार उघडलं. धूर नाही, जाळ नाही. दारात मी, आणि माझ्यामागे दोघींनी बखोटीला धरून ओढत आणलेली ती.

"आग कुठंय?" एका टपरीवाल्यानं विचारलं.

आबांनी तिला उचलून निंबाखाली नेलं आणि रुईसाठी भरून आणलेल्या बादल्या तिच्यावर रित्या केल्या. एकामागून एक. मुलगे बादल्या आणत राहिले. चौथ्या की पाचव्या बादलीला तिनं आवंढा गिळला, मग तिला ओकारी झाली. कुणाच्या तरी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मला जीपमध्ये बसू दिलं नाही. ती वाचली की नाही हे मला संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी सर आले. आम्हा मुलींना वजनकाट्यावर उभं केलं, मुलगे समोर बसलेले, मालकही खुर्ची टाकून. दवाखान्यातून फोन आला होता, सलाइन लावलंय, मुलगी शुद्धीवर आहे. हे सरांनी सांगितलं खरं, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी बराच वेळ खोटं बोलणं, अफवा, बाहेरच्या लोकांसमोर गेलेली शिबिराची इज्जत, यावर भाषण.

"पहिल्यांदा कोण ओरडलं?"

मी पुढे झाले.

"सांग सगळ्यांना. काय खोटं बोललीस?"

"आग नव्हती," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि चावी नव्हती."

मागून एक मुलगा फिस्सकन हसला. सरांचा चेहरा लाल झाला. मालक खुर्चीवरून उठले आणि आबांना म्हणाले, "कोयंडा उद्या बसवून घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोयंडा नवा होता, कुलूप जुनंच. ताई दाराशी उभ्या राहून आम्हाला बोलवत होत्या. आम्ही पारावरून उठलो नाही. ठरवलं असं काही नव्हतं. एकीनं मान हलवली, दुसरीनं हलवली. ताई म्हणाल्या, "उन्हात बसाल तर ऊन लागेल, आत या." यावर मात्र आम्ही हसलो, आणि त्यांनाही कळलं आपण काय बोललो ते. त्या दिवशी पोहणं बंद झालं. मुलगे दुपारभर आमच्याकडे डोळे वटारून बसले होते.

पुढच्या वर्षी शिबिराचं पत्रक धुळ्याला आमच्या शाळेत आलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: फक्त मुलांसाठी. दार उघडं ठेवायचं की मुली बंद करायच्या, यावर समितीत चर्चा झाली असेल का? मला वाटत नाही. घरी आईनं ते वाचलं आणि म्हणाली, "बरंच झालं, जिवावरचं होतं ते." तिला वाटलं मीही हेच म्हणेन.

मी मैत्रिणीच्या गावातल्या दुकानाच्या फोनवर फोन लावला. तिला बोलावून आणायला बराच वेळ लागला. मी तिला पत्रकाचं सांगितलं. वडिलांना महिनाभर मनवून तिनं या वर्षीची परवानगी मिळवली होती. नवी चप्पल घेतली होती.

"मंग आपन कोठे जावानं?" तिनं विचारलं.

ती पुढे कधीच कुठल्या शिबिराला गेली नाही. मुलांचं शिबिर अजून भरतं. हॉलमध्ये झोपतात, हौदात पोहतात, आणि रुईचं गोदाम दुपारभर उघडं असतं, कारण आता आत कोंडायला कुणी नाही.