मिफ्लेह मास्तरांची टाचणवही

विज्दानबाईंवर माझा राग होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. करक शहराच्या आसपासच्या शाळांत आम्हा शिक्षकांना संगणकशास्त्र शिकवायला तयार करणं, हे त्यांचं काम. मी भूगोलाची. नवा विषय आला नि माझ्या गळ्यात पडला. बाई दर मंगळवारी बसनं यायच्या, झातरचा मसाला लावलेली भाकरी माझ्यापुढे सरकवायच्या, तासन् तास समजावायच्या. पण माझ्या संगणकाला बोट म्हणून लावायच्या नाहीत.

तपासनीस आले त्या दिवशी बाईही वर्गात होत्या. विषय माझ्याकडे ठेवायचा की काढायचा, हे त्या एका तासावर ठरणार होतं. मी पाढ्याचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर सात, सात, सात... संपेचना. मुली फिदीफिदी हसायला लागल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. विषय गेला.

"मजा बघत बसलात ना?" शिक्षकखोलीत मी त्यांना धरलंच.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"पाच वर्षं झाली. मिफ्लेह म्हणून गणिताचे मास्तर होते. त्यांचाही पाढा असाच अडकला. ते गप्प उभे. तपासायला आलेले साहेब घड्याळ बघायला लागले. मला राहवलं नाही. उठले, प्रोग्रामची चौथी ओळ नीट केली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर म्हणाले, 'तुमचे हात सलामत राहोत.' साहेबांनी लिहिलं, यांना जमत नाही. मास्तरांनी नोकरी सोडली, वर्षभरात वारले. मी भेटायला गेले तर बायकोनं त्यांची टाचणवही हातात दिली. त्या तासाच्या पानावर लिहिलेलं, 'चौथ्या ओळीत मुद्दाम चूक. पोरं शोधतील. तोवर मी बोलायचं नाही.' ही युक्ती मीच शिकवली होती गं त्यांना."

"मग ते बोलले का नाहीत?"

"पाहुणी होते मी त्यांच्या वर्गात. पाहुणीची चूक चारचौघांत काढणारा माणूस नव्हे तो."

तेव्हापासून वर्गात शिक्षक गप्प झाला, की बाईंना मिफ्लेह मास्तर दिसतात. खडूनं पांढरा झालेला कोट, पाठीमागे बांधलेले हात. "आजही तुझ्या फळ्यापाशी होते. माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, हीसुद्धा मुली चूक शोधतील म्हणून वाट बघतेय. या वेळी उठायचं नाही."

माझ्या अंगावर काटा आला. पण राग कुठं जातो?

"बाई, मला खरंच येत नव्हतं."

बाईंचा चेहरा पार उतरला.

"मग हाक का नाही मारलीस मला?"

"मुलींसमोर?" मी म्हटलं.