बिनडोळ्याची पानं

लंकाबाईला राग यायचा तो सावकाश यायचा, पण एकदा आला की मुक्कामालाच राहायचा. गंगापूर रोडच्या सुमनबाईंना हे फार उशिरा कळलं. बाई कसल्या, बागप्रेमी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई! मातीत बोट घालायच्या नाहीत, पण बागेवर बोलायला सांगा, तासभर थांबणार नाहीत.

लंकाबाई निफाडकडची, उसाच्या रानात वाढलेली. बंगल्यावर बागेच्या कामाला लागली एकाहत्तर साली. पोर्चपाशी भोकाभोकांच्या मोठ्या पानांचा मॉन्स्टेराचा वेल होता. अठ्ठ्याहत्तरला त्याच्या एका पानावर पांढरे पट्टे उमटले. "रोग पडलाय, तोडून टाक," बाई म्हणाल्या. लंकाबाईनं नाही तोडलं. उसाच्या कांड्याला डोळा असतो तसा या वेलाच्या गाठीलाही असतो आणि नवं रोप त्यातूनच फुटतं, हे तिनं ओळखलं. त्या पानाजवळचं कांडं डोळ्यासकट कापून तिनं कुंडीत लावलं आणि पाच वर्षं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. पांढरा भाग उन्हानं करपतो, म्हणून भर दुपारी ती अवजड कुंडी एकटीनं ओढत सावलीत न्यायची. कंबर गेली तिची त्यात.

त्र्याऐंशीच्या पुष्पप्रदर्शनात अर्धं हिरवं, अर्धं दुधासारखं पान बघायला ही गर्दी! पहिलं बक्षीस मिळालं. लंकाबाईनं तेव्हा पहिल्यांदाच बाईंकडे काही मागितलं. "बाई, कुंडीवरल्या चिठ्ठीत तुमच्या खाली माझंबी नाव लिवा ना. बारकं लिवलं तरी चालंल."

बाई चारचौघींत हसल्या. "अगं, पाणी घालणाऱ्यांची नावं लिहायची तर आधी नळाचं लिहावं लागेल!"

सगळ्या खो खो हसल्या. लंकाबाईही हसली. पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

पावसाळ्यात मंडळाच्या अकरा जणी रोपासाठी मागे लागल्या. बाईंनी फुशारकी मारली, सगळ्यांसमोर स्वतः कलमं करून देते म्हणून. आदल्या दिवशी हळूच विचारलं, "कापतात कुठं गं?"

"लय सोपं हाय. पानाचा देठ वीतभर ठिवायचा आन् कापायचं. खोडाला हात नाय लावायचा." डोळ्याचं तिनं अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठेवणीतली साडी नेसून अकरा पानं कचाकच कापली. लंकाबाई शेजारी कुंड्या घेऊन उभी. काळीज तुटत होतं तिचं, आणि तरी मनात म्हणत होती, काप, अजून काप!

महिनाभर पानं टवटवीत राहिली. बाईंचं कौतुक करून बायका थकल्या. मग देठ सडायला लागले. आज हिची कुंडी, उद्या तिची, करता करता अकराच्या अकरा गेली. अध्यक्षीणबाईंना साधं रोप लावता येत नाही म्हणून मंडळात असं हसं झालं की विचारू नका. दिवाळीआधीच अध्यक्षपद दुसरीकडे गेलं. लंकाबाई त्या रात्री पोटभर जेवली.

बाईंचा तोरा उतरला. त्या बागेत आल्या. कुंडीत नुसतं बोडकं खोड उरलं होतं. "लंका, यातून अजून काही होईल का गं?"

"व्हईल की. पण चिठ्ठीवर नाव माझं."

"लिहिते बाई, लिहिते!" बाई घाईघाईनं चिठ्ठी आणि पेन घेऊन पायरीवर बसल्या. 'लंकाबाई' लिहिलं आणि पेन थांबलं. "तुझं आडनाव काय गं?"

बारा वर्षं! बारा वर्षं ही बया त्यांच्या दारात राबली, आणि आडनाव ठाऊक नाही?

लंकाबाईनं विळा उचलला. "ह्यो बघा, बाई, डोळा. ह्यातनं वेल फुटतो." आणि विळ्याच्या टोकानं तो खरवडून टाकला. "ह्यो दुसरा." तोही गेला. बाई "अगं, अगं" करत उठल्या.

बाकीचे डोळे पावसात कापल्या जागी कुजले होते, खोडाला तीनच उरले होते. तिसऱ्यावरून तिनं एकदा अंगठा फिरवला. तरी तिनं तो खरवडलाच.